साडेअकराचं खाणं

गूगलच्या नकाशावर माझ्या नावाने त्रेसष्ट परीक्षणं आहेत. बहुतेक खाण्याच्या जागांची, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकाच प्रकारच्या जागांची: जिथे मेन्यूच्या पहिल्या पानावर 'ऑल डे ब्रेकफास्ट' असं लिहिलेलं असतं, भिंतीवर मॉन्स्टेराचं पान असतं आणि अंडं कसं हवं हे चार प्रकारे विचारलं जातं. मी बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. कामासाठी महिन्यातून एकदा तरी दुसऱ्या शहरात जाते, सुट्टीत स्वतःच्या पैशाने जाते, आणि दोन्ही वेळा बरेचदा एकटी असते. त्यामुळे या जागा मला ओळखीच्या आहेत. त्यांना नावं ठेवण्याचीही मला चांगली सवय आहे.

आसगावातल्या अशाच एका कॅफेला मी २०२३च्या डिसेंबरात दोन तारे दिले होते. मित्रमैत्रिणींबरोबर गेले होते. परीक्षणाचं शेवटचं वाक्य असं होतं: 'आम्ही गोव्यात बसलो आहोत हे बिलावरच्या पत्त्याशिवाय कुठेही कळलं नाही.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. चाळीसेक लोकांनी त्याला अंगठा दिला, म्हणून आणखी आवडलं. पुढे एका फेब्रुवारीत मी आईला घेऊन त्याच कॅफेत दोन तास चाळीस मिनिटं बसले, आणि तेव्हापासून ते वाक्य मला टोचतं आहे. ते खोटं नाही. पण परीक्षण म्हणून ते चुकलेलं आहे, आणि कुठे चुकलं ते मला नीट लिहून बघायचं आहे.

आधी त्या प्रवासाबद्दल. आई कराडची. बाबा आले नाहीत, 'गोव्यात काय बघायचं' म्हणाले. आम्ही दोघी गाडीने निपाणी, आजरा, आंबोली करत उतरलो. आईला समुद्र बघायचा होता आणि मला आईला 'खरा गोवा' खायला घालायचा होता. पहिल्या दिवशी सकाळी मी तिला पणजीत भाजी-पाव खायला नेलं. पणजीचा भाजी-पाव ही माझ्या मते देशातल्या उत्तम न्याहाऱ्यांपैकी एक आहे. कॅफे टॅटो, कॅफे भोसले ही त्यातली जुनी, नावाजलेली ठिकाणं. आम्ही गेलो ते मार्केटाजवळचं एक लहान हॉटेल. पातळ भाजी म्हणजे नारळाच्या वाटणातले वाटाणे किंवा चणे, सुकी भाजी बटाट्याची, दोन्ही एकत्र हवी तर मिक्स. पाव पहाटेचा. सोबत मिरचीचं भजं, किंवा केळं घालून तळलेला गोडसर बन. दोघींचं मिळून दीडशेच्या आत.

आईने अर्धा पाव खाल्ला. टेबल चौघांचं होतं आणि समोरच्या दोन खुर्च्यांवर दोन अनोळखी पुरुष बसून खात होते. कुणी काही वावगं वागलं नाही. एकाने तर आईकडे पाण्याचा जग सरकवला. पण आईने पदर दोनदा सारखा केला, वाटी जवळ ओढून घेतली आणि मान खाली घालून भराभरा घास घेतले. आमच्या मागे दोन माणसं खुर्ची रिकामी होण्याची वाट बघत उभी होती, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. तशा जागेची रीतच ती आहे, त्यात उद्धटपणा नाही. सात मिनिटांत आम्ही बाहेर होतो. 'चव छान होती गं,' आई म्हणाली. चव तिने घेतलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी म्हापशाहून हणजुण्याकडे जाताना ऊन चढलं, तेव्हा आईने गाडीतून बोट दाखवलं. 'तिथे बसूया का? झाड आहे.' तो माझा दोन तारेवाला कॅफे होता. मी काही बोलले नाही.

खाण्याच्या प्रकाराबद्दल लिहायचं तर शब्दापासून सुरुवात करावी. 'ब्रंच' हा शब्द छापील स्वरूपात पहिल्यांदा सापडतो तो १८९५ साली, इंग्लंडमधल्या 'हंटर्स वीकली' या नियतकालिकात. लेखक गाय बेरिंजर, लेखाचं नाव 'ब्रंच: अ प्ली'. म्हणजे हा प्रकार जन्माला आला तोच विनवणीच्या रूपात. बेरिंजरचं म्हणणं थोडक्यात असं की रविवारी सकाळी लवकर उठून, मग चर्चनंतर जड जेवण जेवण्यापेक्षा दुपारच्या सुमाराला एकदाच खावं, सुरुवात चहा-कॉफी आणि मार्मालेडने करावी. शनिवारी रात्री मजा करून आलेल्यांची सोय होईल, माणसं मोकळी होतील, गप्पा होतील. युक्तिवाद गोड आहे. त्यात एकच माणूस दिसत नाही: उशिरा उठणाऱ्यांसाठी ते अंडं उकडणारं.

आमच्या कराडच्या घरात आजी-आजोबा धरून सात माणसं होती. आईचा चहा साडेपाचला. आठ वाजता सगळ्यांचे पोहे किंवा उपमा. बाबा शाळेत, मी शाळेत, आजोबांची पूजा, आजीचं औषध. आईचा स्वतःचा पहिला घास साडेअकराला, ओट्याशी उभं राहून: सकाळचे गार पोहे आणि दुपारच्या जेवणासाठी थापलेल्या पहिल्या भाकरीचा तुकडा, त्यावर शेंगदाण्याची चटणी. मग दीड वाजता सगळ्यांना वाढताना ती म्हणायची, 'मला आत्ता भूक नाही, मी मघाशीच खाल्लंय.' न्याहारी आणि जेवण मिळून एक खाणं. बेरिंजरची व्याख्या तंतोतंत लागू पडते, खुर्ची आणि गप्पा तेवढ्या वजा. आई तीस वर्षं ब्रंच करते आहे आणि हे माझ्या लक्षात त्या कॅफेत, घड्याळात साडेअकरा वाजलेले बघून आलं. मला याबद्दल गहिवरून वगैरे आलं नाही. थोडी लाज वाटली, आणि मी मेन्यू उघडला.

मेन्यूबद्दल मात्र माझी मतं ठाम आहेत आणि ती बदललेली नाहीत. डॅन ज्युरॅफ्स्की हे नाव माझ्या क्षेत्रातल्या लोकांना पाठ्यपुस्तकामुळे माहीत असतं. संगणकाला भाषा कशी शिकवायची यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक आमच्यापैकी अनेकांनी निदान चाळलेलं असतं. त्यांनीच २०१४ साली 'द लँग्वेज ऑफ फूड' हे पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले ६,५०० मेन्यू, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पदार्थांची वर्णनं तपासली. त्यातला एक निष्कर्ष मला पाठ आहे: पदार्थाच्या वर्णनातल्या शब्दांची सरासरी लांबी एका अक्षराने वाढली की किंमत अठरा सेंट्सनी वाढते. लांब शब्द महाग पडतात. पणजीच्या त्या हॉटेलातल्या फळ्यावर नुसती नामं होती: पातळ, सुकी, मिक्स, बन, चहा. आसगावच्या मेन्यूत नामाआधी किमान तीन विशेषणं उभी होती, आणि ती ओलांडून पदार्थापर्यंत पोचेस्तोवर ४८० रुपये झालेले होते.

आईने मेन्यू हातात घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागली. ती दहावीपर्यंत शिकलेली आहे, इंग्रजी सावकाश पण नीट वाचते. 'स्मॅश्ड म्हणजे?'

'चेचलेलं.'

'मग मॅश्ड?'

'कुस्करलेलं.'

'काय चेचलंय?'

अ‍ॅव्होकाडो. तो तिला माहीत नव्हता. मी सांगितलं की बंगळुरूला ज्यूसच्या गाड्यावर याच फळाला बटर फ्रूट म्हणतात आणि दूध-साखर घालून पाजतात. 'मग इथे तिखट-मीठ कशाला लावतात?' हा प्रश्न मी त्रेसष्ट परीक्षणांत एकदाही विचारलेला नाही. आणि त्याचं उत्तर खरोखर आहे. पावावर अ‍ॅव्होकाडो हा प्रकार कॅफेच्या मेन्यूवर आणून प्रसिद्ध करण्याचं श्रेय बहुतेक वेळा सिडनीच्या बिल ग्रेंजरला देतात. चित्रकला शिकायला गेलेला, स्वयंपाक स्वतःच शिकलेला हा मुलगा. १९९३ साली, तेवीस-चोवीस वर्षांचा असताना, त्याने डार्लिंगहर्स्ट भागात 'बिल्स' नावाचा छोटा कॅफे काढला. रात्री उघडं ठेवण्याची परवानगी नव्हती, म्हणून सकाळ-दुपारचंच खाणं. मध्ये एक मोठं सामायिक टेबल, वर मासिकं. रिकोटा घातलेले हॉटकेक्स, स्क्रॅम्बल्ड एग्ज आणि लिंबू पिळलेला अ‍ॅव्होकाडो टोस्ट. पुढे टोकियो, सोल, लंडन. २०२३च्या नाताळात तो गेला, वय अवघं चोपन्न. म्हणजे ज्याला मी 'कुठलंच नसलेलं' खाणं म्हणत होते त्याला पत्ता आहे, साल आहे, आणि परवान्याची अडचणही आहे. ते सिडनीचं खाणं आहे. गोव्यात ते परप्रांतीय आहे इतकंच, आणि खरं तर पावही कधीकाळी तसाच होता.

एकसारखेपणाबद्दल कायल चायका या अमेरिकन लेखकाने २०१६ साली 'द व्हर्ज'मध्ये एक निबंध लिहिला होता. जगभरचे कॅफे, भाड्याची घरं आणि ऑफिसं एकाच चेहऱ्याची होत चालली आहेत, आणि त्यामागे ती आपल्याला दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, असा त्याचा मुद्दा. या जगाला त्याने 'एअरस्पेस' असं नाव दिलं. मी तो निबंध नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचला आणि मला तो पूर्ण पटला. माझं दोन ताऱ्यांचं वाक्य त्याचंच स्वस्त मराठी रूप आहे. पण तो निबंध आणि माझं परीक्षण दोन्ही एक गोष्ट गृहीत धरतात: की बसणाऱ्याला वेगळेपण हवं आहे. ज्याला आपल्या गावात सगळीकडे मोकळेपणाने बसता येतं त्याला परगावी वेगळेपण हवं असतं. ज्याला येत नाही त्याला आधी खुर्ची हवी असते.

मराठी वाङ्मयात हॉटेलात बसणं या गोष्टीला मोठी प्रतिष्ठा आहे. अरुण कोलटकर काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये वर्षानुवर्षं खिडकीशी बसले आणि त्या बसण्यातून 'काला घोडा पोएम्स' हे पुस्तक २००४ साली आलं. त्यातली एक दीर्घ कविता तर न्याहारीबद्दलच आहे, रस्त्यावर इडली खायला जमणाऱ्या माणसांबद्दल. मला ती फार आवडते. पण आता ती वाचताना मी मनात हिशोब करते: खिडकीच्या आत कोण बसलं आहे, किती वेळ, एका चहावर किती वेळ, आणि त्याच काळात तशीच एकटी बाई रोज तिथे बसली असती तर कितव्या दिवशी वेटरने तिला काही विचारलं असतं. आपल्या गावांतल्या हॉटेलांनी बायकांसाठी काढलेली तोड म्हणजे 'फॅमिली रूम'. लाकडी पार्टिशन, वर पंखा, पुढे पडदा. आईला कराडची तशी एक खोली आठवते. लग्नानंतर बाबांनी तिला मिसळ खायला नेलं होतं. 'पडद्याआड बसून मिसळ खायची म्हणजे घाम पुसायला पण संकोच वाटायचा,' ती म्हणाली. हे मी पहिल्यांदा ऐकलं. आसगावला आमचं दुसरं मागवणं येईपर्यंत पाऊण तास गेला होता आणि तोवर कुणी बिल आणून ठेवलं नव्हतं, म्हणून ऐकायला मिळालं.

बंगळुरूत मी जिथे राहते तिथे कोपऱ्यावर दर्शिनी आहे. कूपन घ्यायचं, उभ्याने खायचं, निघायचं. इडली अप्रतिम, कॉफी त्याहून. आठवड्यातून चारदा तरी मी तिथे खाते. पण परगावी ऑफिसचं काम संपवून, ट्रेन रात्रीची असताना, बॅग पायाशी ठेवून चार तास काढायचे असतात तेव्हा मी दर्शिनीसारखी जागा शोधत नाही. मी तेच मॉन्स्टेराचं पान शोधते. तिथे बाथरूमला कडी असते, कुणी 'एकट्याच का?' विचारत नाही, पुस्तक उघडता येतं, आणि टेबलावर समोर येऊन कुणी बसत नाही. अहमदाबाद, हैदराबाद, कोची, सगळीकडे मी हेच केलं आणि घरी येऊन त्या जागांना 'आत्मा नाही' असं लिहिलं. एकटीने सुरक्षित बसायला मिळालं ही सेवा मी फुकट धरली, तिला एकही तारा दिला नाही. ज्युरॅफ्स्कींच्याच आणखी एका अभ्यासात असं दिसलं होतं की एका ताऱ्याची परीक्षणं अन्नाबद्दल कमी आणि माणसांनी कसं वागवलं याबद्दल जास्त असतात. त्यात भूतकाळ फार येतो, आणि 'आम्ही' फार येतं, एखाद्या आघातातून गेलेल्या गटासारखं. माझ्या वाक्यातही 'आम्ही' आहे. आम्हाला कसला आघात झाला होता देव जाणे.

आता दुसरी बाजू, नाहीतर हे प्रायश्चित्त होऊन बसेल.

तो कॅफे एका जुन्या गोवन घरात आहे. घराला पुढे बाल्कांव आहे: पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बांधलेले कट्टे. संध्याकाळी घरातल्यांनी तिथे बसायचं आणि रस्त्याने जाणाऱ्याशी बोलायचं, ही त्याची रचना. बसण्यासाठीच बांधलेली, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याने काहीही विकत घ्यायची अट नसलेली. कॅफेने त्या कट्ट्यावर गाद्या टाकून त्याला टेबल क्रमांक एक आणि दोन केलं आहे. आता त्यावर बसायचे प्रत्येकी निदान चारशे रुपये पडतात, आणि रस्त्याने जाणाऱ्याशी बोलण्याऐवजी त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. मी बसण्याची बाजू घेतली तेव्हा हे विसरले नव्हते. इथे खुर्ची मिळते ती पैसे टाकून, आणि माझ्या आईला ती मिळाली कारण माझा पगार बरा आहे. आम्ही होतो तेवढ्या वेळात आसगावातलं कुणी तिथे बसलेलं मला दिसलं नाही. वेटर झारखंडचा होता, स्वयंपाकी नेपाळचा. आईने हिंदीतून दोघांच्या आयांची चौकशी केली.

आणि अन्न. एग्ज बेनेडिक्ट पावाऐवजी पोईवर दिलं होतं. पोई म्हणजे गव्हाचा कोंडा लावलेली, आतून पोकळ, खिशासारखी गोवन भाकरी-पाव. पोदेर ती सकाळ-संध्याकाळ सायकलवरून भोंगा वाजवत विकतो. स्थानिक पदार्थाला मेन्यूत जागा, म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. पण पोई पोकळ असते. तिच्यात भाजी भरायची असते किंवा ती रश्श्यात बुडवायची असते. वर पोच केलेलं अंडं आणि हॉलंडेझ ठेवलं की ती खचते, सॉस पोटात शिरतो, कोंडा भिजून लगदा होतो. ज्याने हे ठरवलं त्याने पोई हा शब्द ऐकला होता, ती खाल्ली नव्हती. हॉलंडेझ कोमट होता, लिंबू जास्त. अंडी मात्र उत्तम, बाहेरून घट्ट, आत वाहती. आईने काट्याने पिवळं फोडलं आणि थोडा वेळ नुसतं बघत राहिली. घरात आजी असेपर्यंत अंडं शिजलं नाही. आईला आवडतं, हे मला माहीत होतं. पण ती अंडं कसं खाते, कडा आधी की मधलं आधी, हे मी कधी पाहिलं नव्हतं. मधलं आधी.

चहा मागितला तर सहा प्रकारच्या पुड्यांची लाकडी पेटी आली. दूध वेगळं, गार. हा गुन्हा आहे आणि याला माफी नाही.

बिल १,६४० झालं. मी फोनने पैसे देऊन टाकले, पण आईने वेटरकडून कागद मागून घेतला, चष्मा लावून ओळीओळीने तपासला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला. महाग आहे असं म्हणाली नाही. 'बसायचे किती आणि खाण्याचे किती, ते वेगळं लिहायला पाहिजे यांनी,' म्हणाली.

रात्री हॉटेलवर मी माझं जुनं परीक्षण उघडून दुरुस्त करायला बसले. शेवटचं वाक्य खोडलं. पोईबद्दल दोन वाक्यं लिहिली, चहाबद्दल एक. 'एकटीने किंवा आईला घेऊन जाण्यासारखी जागा' असं लिहिलं, ते जाहिरातीसारखं वाटलं म्हणून काढलं, परत घातलं. तारे किती द्यायचे ते ठरेना, कारण तारे एकाच रांगेत असतात आणि मला बसण्याचे चार आणि खाण्याचे दोन द्यायचे होते. शेजारी आई पाय चोळत पडली होती.

'उद्या सकाळी पणजीला जाऊया परत,' ती म्हणाली. 'तो भाजी-पाव बांधून घे. पातळ भाजी जास्त. आणि त्या झाडाखाली नेऊन खाऊ. देतील का ते?'

देत नाहीत. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत अशी पाटी आहे, बाल्कांवच्या पहिल्या पायरीवरच. आम्ही तो मिरामारला वाळूवर बसून खाल्ला, गाडीतली सतरंजी अंथरून. तिथे पाव वाऱ्याने लगेच कोरडा पडतो आणि कुत्री जमतात. आईने दोन पाव खाल्ले आणि तिसरा कुत्र्यांना दिला.